आभाराचं कार्ड

एलोडिया रुस्टाडच्या कपाटात बुटांचा एक जुना खोका होता. बूट नवऱ्याचे, केव्हाच झिजून गेलेले. खोक्यात अर्डेल सँडविकनं पाठवलेली आभाराची कार्डं होती, बेचाळीस वर्षांची. कशावर जांभळी फुलं, कशावर चिमण्या, कशावर नुसतीच सोनेरी किनार. आतला मजकूर बहुतेक तोच. ‘प्रिय एलोडिया, तू आलीस, फार बरं वाटलं. भात नेहमीसारखाच छान होता. अशीच येत राहा.’ खाली अर्डेलची लफ्फेदार सही.

एल्वेरूड गावच्या चर्चमध्ये जुलैचं मोठं जेवण झालं की सोमवारी सकाळी अर्डेल कार्डं लिहायला बसायची आणि बुधवारी ती ज्याच्या त्याच्या पेटीत पडायची. बँड वाजवायला शेजारच्या गावाहून आलेली मुलं, तंबू देणारा दुकानदार, पाव पाठवणारी बाई आणि एलोडिया. यात कधी खंड पडला नाही.

पहिलं कार्ड आलं तेव्हा एलोडिया वीस वर्षांची होती, लग्नाला दोन महिने झाले होते. कार्ड हातात धरून ती अंगण ओलांडून सासूकडे पळत गेली. बोरघिल्ड ओट्याशी रुबार्बचे आंबट, तांबडे देठ चिरत होती.

“तुम्हाला कसलं आलं? माझ्यावर गुलाब आहेत.”

“मला कसलं काय?”

“कार्ड. अर्डेलबाईंचं.”

“मला कशाला येईल कार्ड?” सासू सहज म्हणाली. “मी काय परकी आहे?”

म्हणाली आणि सुरी जरा थांबली. मग तिनं देठांकडे बघतच म्हटलं, “अर्डेलचं अक्षर मात्र सुंदर आहे हं.”

बोरघिल्डच्या मनात काही नव्हतं. पण त्या दिवसापासून बुधवारच्या टपालाची एलोडियाला धास्ती बसली. दर वर्षी वाटे, यंदा येणार नाही. दर वर्षी येई. ती वाचायची, खोक्यात टाकायची, झाकण लावायची. फेकून द्यायला हात धजावत नसे, कारण कार्ड लिहिणारी बाई वाईट नव्हती. एल्वेरूडमध्ये तसं कुणीच वाईट नव्हतं, आणि हीच सगळी अडचण होती. वाईट असतं तर एकदा भांडून मोकळं होता आलं असतं.

अर्डेलला ती ओळखत होती नऊ वर्षांची असल्यापासून. तेव्हा जून लागला की टेक्ससहून बापाचा ट्रक निघायचा, वर ताडपत्री, खाली आई, सहा भावंडं आणि दोन गाद्या. तीन दिवसांनी पार उत्तरेला, एल्वेरूडजवळच्या रेड नदीच्या खोऱ्यातल्या सपाट काळ्या जमिनीवर ट्रक थांबायचा. साखरेच्या बिटाची पाती वर आलेली असत. मोठी माणसं लांब दांड्याची खुरपी घेऊन ओळीला लागत. ओळ अशी लांब की सकाळी सुरू केली तर पलीकडचं टोक दिसायचं नाही. लहानांना चर्चची गाडी येऊन घेऊन जायची. चर्चच्या तळघरात त्यांच्यासाठी उन्हाळी शाळा चाले. कागदाच्या होड्या, गाणी, देवाच्या गोष्टी आणि दुपारी सूप.

सूप वाढायला अठरा वर्षांची अर्डेल असे, सोनेरी वेण्यांची, मनगटापर्यंत पिठानं माखलेली. एकदा एलोडियानं पावाचे दोन तुकडे फ्रॉकच्या आत लपवले, शेतावर असलेल्या मोठ्या भावासाठी. अर्डेलनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं चार तुकडे कागदात बांधून एलोडियाच्या हातात दिले आणि म्हणाली, “हे वेगळे. तुझे तू खा.”

असं माणूस. त्याच्यावर रागवायचं तरी कसं?

ऑरिन रुस्टाडशी तिचं जमलं तेही याच चर्चच्या हिरवळीवर, जुलैच्या जेवणाला. तो बिटाचा ट्रक चालवायचा आणि बोलायचा कमी. त्याच्या हुंकाराचे तीन प्रकार होते, हो, नाही आणि बघू. एलोडियाच त्याला लग्न करू या म्हणाली, तेव्हा त्यानं पहिला हुंकार दिला. पुढं एकोणचाळीस वर्षं संसार झाला, एक मुलगी झाली, ती शिकून शहरात गेली. तीन हिवाळ्यांपूर्वी ऑरिन गेला. त्याच्या मातीनंतरचं जेवण चर्चच्या बायकांनी केलं. अर्डेल तासभर तिचा हात धरून बसली होती. आभाराचं कार्ड लिहायची पाळी त्या वेळी एलोडियाची होती. तिनं लिहिलं. लिहिताना वाटलं, घरच्या माणसाच्या मातीला आलेल्या घरच्या माणसांना कुणी असं लिहितं का?

चर्चचं स्वयंपाकघर तळघरात, जिना उतरून डाव्या हाताला. दाराशी भिंतीवर लोखंडी आकड्यांची रांग, प्रत्येक आकड्यावर एका बाईचा एप्रन. एखादी बाई वारली की आकडा दुसरीला मिळे. भांड्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर नावं, सँडविक, मोएन, ब्राटली. भांडी महिनोन्महिने तिथंच राहत, कुणीही कुणाचंही वापरी. एलोडियाचं पिवळं भांडं मात्र घासून, पुसून, कागदात गुंडाळून त्याच संध्याकाळी तिच्या हातात परत येई. तिनं बाही वर सारली की अर्डेल म्हणे, “अगं, तू कशाला? तू बस. बाहेर छान वारा आहे.” पंचविशीत म्हटलं, चाळिशीत म्हटलं, आता बासष्टाव्या वर्षी गुडघा धरलेला असतानाही तेच. आता कुणाला त्यात वावगं वाटण्याचं कारण नव्हतं, पण पंचविशीतल्या बाईचा गुडघा काय दुखत होता?

तिनं आणायचं काय, तेही ठरलेलं. तांबडा भात. यादीत तिच्या नावापुढे कुणीतरी आधीच लिहून ठेवी, ‘एलोडिया – तिच्याकडचा भात.’ सासूकडून शिकलेल्या तिच्या रुबार्बच्या वड्या गावात कुणाच्याही वड्यांच्या तोंडात मारतील अशा होत्या, पण त्या फक्त ऑरिननं खाल्ल्या. भातात मिरची घालायची नाही हे ती पहिल्याच वर्षी शिकली. तेव्हा म्हाताऱ्या मोएनबाई घोटभर पाणी पिऊन म्हणाल्या होत्या, “वेगळाच आहे हं.” एल्वेरूडमध्ये यापेक्षा कडक शब्द कुणी वापरत नाही.

हे सगळं तिनं गिळलं असतं, पण मागच्या उन्हाळ्यात जोडी नावाची मुलगी आली. ब्राटलींच्या मुलाची बायको, आयोवाची, भुऱ्या केसांची, हसरी. तिसऱ्याच रविवारी अर्डेलनं तिच्या अंगावर फडकं फेकलं. “उभी काय राहिलीस? पूस ती ताटं.” नाताळापर्यंत जोडीला एप्रनसाठी स्वतःचा आकडा मिळाला होता. तिला कार्ड आलं नाही. एलोडियानं मुद्दाम विचारलं होतं.

“कसलं कार्ड?” जोडी म्हणाली.

“काही नाही गं.”

एलोडियाला कारण ठाऊक होतं. ते तिनं स्वतःशीही शब्दांत मांडलं नाही. या बायकांचे पणजे समुद्रापलीकडून बोटीनं आलेले, आणि जोडीत नि त्यांच्यात एकाच बोटीतून उतरल्यासारखं काहीतरी होतं. एलोडिया तीन दिवस ट्रकमधून आली होती, आणि त्रेपन्न वर्षं झाली तरी या लोकांच्या दृष्टीनं ती अजून ट्रकमधून उतरतच होती.

यंदाचं जुलैचं जेवण रविवारी दुपारी होतं, उपासनेनंतर. हंगामाला आलेल्या कुटुंबांचं स्वागत करायचं, ही जुनी पद्धत. पूर्वी चाळीस कुटुंबं येत, हिरवळ अपुरी पडे. आता तणनाशकाची फवारणी आली, खुरपणीला माणसं कमी लागू लागली. यंदा चारच कुटुंबं होती. पण टेबलं तितकीच मांडली होती, खिमा-बटाट्याच्या हॉटडिशची सात भांडी होती आणि एल्मच्या सावलीत तीन माणसं हातानं फिरवायच्या यंत्रांवर आइसक्रीम करत होती. मारेन पाळकबाई, दोन वर्षांपूर्वी आलेली तरुण मुलगी, दाराशी उभी राहून प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत धरत होती.

“एलोडिया, तुम्ही आलात, किती बरं झालं,” ती म्हणाली.

“मी दर रविवारी येते,” एलोडिया म्हणाली.

“हो ना,” मारेन हसली. तिला बिचारीला काही कळलं नाही.

“तू जरा त्यांच्याजवळ बस हं,” अर्डेल भाताचं भांडं हातातून घेत म्हणाली. “त्यांना बरं वाटतं. आणि तुलाही.”

एलोडिया पाहुण्यांच्या टेबलाशी बसली. समोर नोएमी नावाची बाई होती, पस्तिशीची, उन्हानं रापलेली, मांडीवर पेंगुळलेलं मूल. टेक्ससमधलं तिचं गाव एलोडियाच्या माहेरच्या गावापासून अर्ध्या तासावर. दोघी स्पॅनिशमध्ये बोलू लागल्या. आधी पाऊस, मग मालक, मग कुणाची कुणाशी नाती. नोएमीनं भाताचा घास घेतला, थांबली, आणि आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, “हा कुणी केला असेल हो? आजाऱ्याला दिल्यासारखा.”

“मी.”

“देवा. माफ करा, ताई.”

“माफी कसली. खरं बोललीस. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं.”

नोएमी हसली, मग तिनं एलोडियाकडे नीट बघितलं. तिचे पिकलेले केस, चर्चला घालायचा चांगला निळा झगा, गळ्यातला नवऱ्यानं दिलेला छोटा क्रूस. “बेचाळीस वर्षं इथं आहात?”

“त्याहून जास्त. लग्नाला तेवढी झाली.”

“म्हणजे यांच्यातल्याच तुम्ही.”

“हो.”

“मग तुम्ही आमच्या टेबलावर का बसलाय?”

नोएमीनं टोमणा मारला नव्हता. तिला खरोखरच कळलं नव्हतं. “आलेच,” म्हणून एलोडिया उठली आणि जिना उतरून स्वयंपाकघराकडे गेली. काय करायचं हे तिनं ठरवलेलं नव्हतं. एवढंच की तिथं जायचं.

स्वयंपाकघर रिकामं होतं. अर्डेल आइसक्रीमवाल्यांना यंत्राच्या बर्फात मीठ जास्त टाकताय म्हणून दम द्यायला बाहेर गेली होती, जोडी वर टेबलं पुसत होती. चुलीवर मोठं पांढरं कॉफीचं पातेलं होतं. इथली कॉफी अंड्याची. कॉफीच्या भुकटीत अंडं कवचासकट कालवायचं, तो लगदा उकळत्या पाण्यात सोडायचा, आणि कॉफी वर येऊ लागली की वरून गार पाणी मारायचं. सगळा गाळ अंड्याबरोबर तळाला बसतो आणि वर मधाच्या रंगाची नितळ कॉफी राहते. ही गोष्ट एलोडियानं दाराच्या जाळीतून शंभरदा पाहिली होती.

कॉफी वर येत होती. तपकिरी फेस काठाशी पोचला होता. एलोडियानं हाक मारली नाही. हाक मारली असती तर कुणीतरी आलं असतं आणि म्हणालं असतं, तू बस. ओट्यावर निळा जग होता, भरलेला, गार, स्वच्छ. तिनं तो उचलला आणि पातेल्यात रिता केला. फेस खाली बसला. तिनं गॅस बंद केला, जग होता तिथं ठेवला, आणि उगाचच पदर सावरावा तसा झगा सावरून वर आली. बासष्ट वर्षांच्या बाईला चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि तेही छान वाटत होतं.

थोड्या वेळानं कॉफी हिरवळीवर आली. जोडीनं टेबलाटेबलावर ओतली. म्हातारे मोएन एक घोट घेऊन बराच वेळ चर्चच्या मनोऱ्याकडे बघत राहिले. मग बायकोला म्हणाले, “वेगळीच आहे.” त्यांच्या शेजारचाही म्हणाला, “वेगळीच आहे, नाही?” मारेन पाळकबाईनं कप संपवला आणि दुसरा नको म्हणाली. पाहुण्यांच्या टेबलावर मात्र नोएमीचा नवरा तिसरा कप मागत होता. “इतकी वर्षं येतोय,” तो म्हणाला, “आज पहिल्यांदा कॉफी प्यायल्यासारखं वाटलं.”

एलोडियानं घोट घेतला. गोड. गुळचट म्हणावी इतकी गोड, आणि दाताखाली गाळ. तिनं कप खाली ठेवला.

तिनं वर पाहिलं तर हिरवळीच्या पलीकडे अर्डेल कप हातात धरून उभी होती. तिनं कप ठेवला आणि सरळ जिना उतरली. एलोडियाही उठून तिच्या मागं गेली. गुडघा ठणकत होता, पण ती थांबली नाही.

अर्डेल निळा जग उलटा करून बघत होती. आतून चिकट थेंब ओघळला. जोडी ट्रे घेऊन आत आली आणि दाराशीच थबकली.

“यातलं कुणी ओतलं?” अर्डेल म्हणाली.

“मी,” एलोडिया म्हणाली.

“यात पाक होता. लिंबाच्या सरबताचा. पाण्याचा जग पांढरा. तो खिडकीत असतो. माझ्या सासूच्या वेळेपासून तो खिडकीतच असतो.”

“कॉफी उतू जात होती.”

“मग पांढरा जग घ्यायचा. साठ माणसांची कॉफी घालवलीस. दोन मोठे डबे भुकटी, आठ अंडी. बेचाळीस वर्षं या चर्चमध्ये येतेस आणि तुला पाण्याचा जग कुठं असतो माहीत नाही?”

“कसा माहीत असणार?” एलोडियाचा आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. “चर्चमध्ये येते मी. स्वयंपाकघरात कधी येऊ दिलंस?”

जोडी ट्रेमधला एक काटा फार लक्षपूर्वक बघू लागली.

“तुला त्रास नको म्हणून,” अर्डेल म्हणाली.

“हिला तिसऱ्या रविवारी त्रास दिलास.”

“ती वेगळी गोष्ट. ती आपली... आणि तू...” अर्डेल बोलता बोलता थांबली. आपलं वाक्य कुठं चाललंय हे तिला मध्येच दिसलं असावं. तिनं जग ओट्यावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. तिच्या वेण्या केव्हाच पांढऱ्या होऊन डोक्यावर गुंडाळलेल्या होत्या, पण मनगटं तशीच, पिठानं माखलेली.

“नऊ वर्षांची होतीस,” ती शेवटी म्हणाली. “बोटांना फोड होते. वाडगा धरता येत नव्हता तुला, मी बघितलं. त्या दिवशी म्हटलं, या पोरीला इथं तरी कुणी कामाला लावायचं नाही. शेतात पुरे होतंय तिला.”

एलोडियाला वाडगा आठवत नव्हता. फोड आठवत होते. खुरपं तिनं त्या वर्षीच पहिल्यांदा हातात धरलं होतं, रविवारी, आईला मदत म्हणून. त्रेपन्न वर्षं या बाईनं ते फोड लक्षात ठेवले होते, आणि त्याच मायेनं तिला दाराबाहेर बसवून ठेवलं होतं.

“अर्डेल,” ती म्हणाली, “मी आता बासष्ट वर्षांची आहे.”

अर्डेलनं तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. “दिसतेस तेवढी.”

जोडीच्या ट्रेमध्ये काहीतरी खणखणलं. ती हसू दाबत होती.

“आणि उभी काय राहिलीस?” अर्डेल म्हणाली. “ती पातेली काय प्रभू स्वतः खाली येऊन घासणार आहे? तिथं कुणाचा तरी एप्रन असेल, घे.”

एलोडियानं बाह्या वर सारल्या. या खेपेला कुणी अडवलं नाही. आधी काचेचं धुवायचं, मग चमचे, मग पातेली, हे तिला माहीत नव्हतं. अर्डेलनं सांगितलं, आणि चांगल्या शब्दांत नाही सांगितलं. “असं नाही. हे असं करतात का घरी?” “पाणी बदल, काळं झालंय ते.” “तो टॉवेल हातांना, ताटांना नाही.” दोन तासांत चार वेळा बोलणी बसली. बोटं सुरकुतली, गुडघ्यानं संप पुकारला. जोडी कानाशी येऊन कुजबुजली, “मनावर घेऊ नका हो काकू, त्या सगळ्यांनाच बोलतात.”

“माहीत आहे,” एलोडिया म्हणाली. “चालू दे.”

घरी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, भाताचं भांडं तिथंच राहिलं. कुणी आणून हातात दिलं नव्हतं.

सोमवारी तिला पहाटेच जाग आली. अर्डेल आज कार्डं लिहायला बसणार. मंगळवारी तिनं रुबार्ब तोडून चिरून ठेवला, दुसरं काही सुचलं नाही. बुधवारी टपालगाडीचा आवाज आला तेव्हा ती ओट्याशी होती. हात पुसून, चपला सरकवून ती रस्त्यापर्यंत गेली. पेटीत बियाण्यांच्या दुकानाचं यादीपुस्तक होतं आणि मुलीचं पत्र. तिनं पेटीत हात घालून अगदी मागपर्यंत चाचपलं. काही नाही.

परत येताना तिला हसू येत होतं. पण ओट्यापर्यंत येईतो ते मावळलं. कॉफी साठ माणसांची गेली होती. सगळ्यांसमोर नाही, पण जोडीसमोर ती अर्डेलला उलट बोलली होती. त्या स्वयंपाकघरात कुणी उलट बोलल्याचं ऐकिवात नव्हतं. कार्ड आलं नाही याचा अर्थ काय काय होऊ शकतो, हे तिच्या डोक्यात गुरुवारभर फिरत राहिलं. गुरुवारीही पेटी रिकामी. शुक्रवारी तिनं खोका काढून पलंगावर ठेवला आणि सगळ्या फुलांकडे, चिमण्यांकडे बघत बसली. बेचाळीस वर्षं जे नको होतं ते थांबलं, आणि आता तेच थांबलं म्हणून जीव टांगणीला लागला होता. अर्डेल रुसली असेल तर? मग तर ती पाहुणीही उरली नव्हती.

शनिवारी सकाळी फोन वाजला.

“एलोडिया,” अर्डेलचा आवाज. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. “उद्या उपासनेनंतर बाप्तिस्मा आहे, मोएनच्या पणतूचा. आठला ये. जोडीला बरं नाही.”

“येते.”

“कॉफी तू करायची. मी शेजारी उभी राहीन.”

“बरं.”

“आणि ते तुझं पिवळं भांडं इथंच आहे. मी त्यात चमचे ठेवलेत. बुडाला नावाची पट्टी नाही त्याच्या, ती लाव येऊन. लोक माझं समजतात.”

“लावते,” एलोडिया म्हणाली. मग तिला राहवलं नाही. “अर्डेल, या वेळचं कार्ड आलं नाही.”

“कसलं कार्ड?”

पलीकडे चूल पेटवल्याचा आवाज आला, कुठलंसं झाकण पडलं. अर्डेल खरोखरच उत्तराची वाट बघत होती.

“काही नाही,” एलोडिया म्हणाली. “खायला काय आणू?”

“ते काय विचारतेस? तुला जे बरं येतं ते आण. फक्त तो भात नको बाई. कधीपासून सांगायचं होतं.”

एलोडियानं फोन ठेवला आणि फ्रिजमधून चिरलेला रुबार्ब बाहेर काढला.